रिकामं असल्याची खात्री

सुईबाईंना हे नाव शिवणकामावरून पडलेलं नव्हतं. शिवणकाम त्यांच्या थोरल्या जाऊबाई करायच्या; सुईबाईंची साधं बटण लावायचं म्हटलं तरी दोरा ओवण्यापासून रड असायची. त्यांची सुई लाकडी होती, विणकामाची, सासूबाईंच्या टोपलीतली. तिची जोडीदारीण कधीच हरवली होती. उरलेली ही एकटी सुई त्या गेली एकतीस वर्षं जुन्या पिस्तुलांच्या नळ्यांत घालून बघत होत्या.

पिस्तुलं म्हणजे खिशातली, तळहातावर मावणारी. दीडदोनशे वर्षांपूर्वी प्रवासाला निघालेल्या पुरुषांनी कोटाच्या खिशात आणि बायकांनी बटव्यात घालून नेलेली, आणि बहुतेक वेळा तशीच न वापरता परत आणलेली. ती आता शौकिनांच्या खणांत मखमलीवर झोपतात. त्यांचं वय सांगायचं, अस्सल कोणतं आणि नंतर जुळवलेलं कोणतं ते ओळखायचं आणि मोल ठरवायचं, हा सुईबाईंचा धंदा. त्या यात शिरल्या त्या टंकलेखिका म्हणून. लिलावघरातले म्हातारे पारखी डोळ्यांना भिंग लावून वर्णन सांगायचे आणि या खाली मान घालून टाइप करायच्या. एके दिवशी मान वर करून म्हणाल्या, "साहेब, याच खुणेच्या पिस्तुलाचा दस्ता मागच्या महिन्यात तुम्ही आक्रोडाचा सांगितला होता. आज शिसवीचा कसा?" साहेबांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं आणि म्हणाले, "कारण मागच्या महिन्यात मी चुकलो होतो. खुर्ची इकडे ओढा."

त्या खुर्चीत त्यांनी पहिला धडा घेतला तो असा: आधी रिकामं, मग बाकी सगळं. जुन्या काळचे लोक पिस्तूल भरून ठेवायचे आणि विसरायचे. पुढे माणूस जातो, पेटी माळ्यावर जाते, पण आतली दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही जिवंतच असते. नळी उघडून बघावं तर गंजाने आटे धरलेले. जोर केला तर वस्तूचं मोल निम्म्यावर येणार. म्हणून सुई. नळीच्या तोंडातून ती आत टेकेपर्यंत घालायची, तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची, आणि मग तीच सुई नळीच्या बाहेरून लावून बघायची. खूण तोंडाशी ठेवून सुईचं टोक कानापर्यंत पोचलं, म्हणजे दारू पेटवायच्या त्या बारीक भोकापर्यंत, तर नळी मोकळी. सुई आधीच अडली तर आत कुणीतरी बसलंय.

सुईबाईंनी त्यात स्वतःची भर घातली होती. प्रत्येक पिस्तुलासाठी वहीचं एक पान, आणि पानावर खऱ्या लांबीच्या दोन रेघा. वरची आतल्या मापाची, खालची बाहेरच्या. रेघा सारख्या आल्या की मालकाला द्यायच्या दाखल्यावर पहिलं वाक्य लिहायचं: 'रिकामं असल्याची खात्री केली आहे.' हे वाक्य त्यांनी किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नव्हती. पण एकदाही हात सवयीने पुढे गेला नाही, दर वेळी मनात खरोखर खात्री करूनच गेला, असं त्यांना वाटत होतं.

गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी नवीन जोडी आणली म्हणून त्यांना बोलावलं. डॉक्टर निवृत्त झाले होते आणि आता माणसांच्या तोंडाऐवजी पिस्तुलांच्या तोंडात डोकावत बसायचे. त्यांच्याकडे आधीची एकवीस होती. ही जोडी धरून तेवीस. चकमकीची, आवळ्याजावळ्यासारखी, नळीच्या मुळाशी चांदीची नक्षीदार पट्टी, पोटाखाली एक आणि दोन असे आकडे कोरलेले. चाप दिसतच नाही. घोडा मागे ओढला की खालून हळूच जीभ काढावी तसा बाहेर येतो. डॉक्टरांना त्या जिभेचं इतकं कौतुक की ते दोन्ही पिस्तुलं सारखी उचलून दाखवत होते. "हे बघा, बाई. आता हे बघा. आहे की नाही लबाड?" बाईही हसल्या. मापं घेतली, रेघा मारल्या, मग भिंगातून बघताना दोन नंबरच्या पट्टीला खालच्या बाजूने केसाएवढी फट सापडली. दाखल्यात त्यांनी लिहिलं: 'पट्टीची फट कुशल कारागिराकडून, जाणकाराच्या देखरेखीखाली झाळून घ्यावी.'

वहीतल्या नोंदी मोठ्या नोंदवहीत उतरवायचं काम जाऊबाईंचं. दोघींचे नवरे गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या. जाऊबाईंचं अक्षर चांगलं होतं, आणि शिवणवर्गात चाळीस वर्षं मापं घेतलेला हात रेघ रेघेसारखी मारायचा. लांबी हुबेहूब यावी म्हणून त्या कापडावर खुणा उठवायचं आपलं दातेरी चाक वहीतल्या रेघेवरून फिरवायच्या, की खालच्या पानावर ठिपक्यांची ओळ उमटे.

आठवड्याभराने एका सकाळी सव्वादहाला खिडकीशी बसून त्या हेच करत होत्या.

"अगं, ही तुझी जुळी भारी गुणी निघाली," त्या म्हणाल्या. "एकाच्या ठिपक्यांवर दुसऱ्याची रेघ ठेवली तर केसाचाही फरक नाही. माझं काम अर्धंच झालं."

सुईबाई आतल्या खोलीत चादरीची घडी घालत होत्या. "कशाचा फरक नाही, ताई?"

"केसाचा. मी जन्मभर मापं घेतली, पण एका माणसाच्या दोन बाह्या कधी अशा जुळल्या नाहीत बाई."

चादर तशीच अर्धवट हातात राहिली. सुईबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दोन्ही पानं स्वतः जुळवून पाहिली. खरंच, फरक नव्हता. आणि फरक नसणं हीच गोष्ट अशक्य होती. या नळ्या हाताने घासलेल्या. एकाच कारागिराने एकाच दिवशी केल्या तरी आत गव्हाच्या दाण्याएवढा फरक राहतोच. नवशिक्यांना त्या स्वतःच हे बजावून सांगायच्या. दोन पानांवर एकच माप येण्याची एकच वाट होती. त्यांनी एकच पिस्तूल दोनदा मोजलं होतं. डॉक्टर उचलून दाखवत होते, ठेवताना डावीकडचं उजवीकडे ठेवत होते, आणि त्या पोटाखालचा आकडा न बघता जागा बघून हात घालत होत्या.

म्हणजे दुसरं मोजलंच नव्हतं. आणि दोन्हींच्या दाखल्यावर त्यांची सही होती.

"काय गं? पांढरी पडलीस."

सुईबाईंनी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, एक नंबरचं पिस्तूल कुठे आहे?"

"हे काय, माझ्या हातात. आत्ताच पुसत होतो."

"त्याचं तोंड कुठे आहे?"

"तोंड? अं... फडताळाकडे."

"फडताळात काय आहे?"

"कपबश्या."

"मग तसंच सावकाश टेबलावर ठेवा. घोड्याला हात लावू नका. खोलीबाहेर या आणि दाराला कडी घाला."

"बाई, तुम्ही मला घाबरवताय."

"मी घाबरवत नाहीये डॉक्टर, मी घाबरलेय. दोन नंबर कुठे आहे?"

"ते फुंकणीवाल्यांकडे. काल संध्याकाळीच नेऊन दिलं. म्हणाले, सकाळी दुकान उघडलं की पहिलं हेच काम घेतो."

फुंकणीवाले म्हणजे चांदीकाम करणारे म्हातारे गृहस्थ. सगळ्यांकडे गॅसच्या नळ्या आल्या तरी ते अजून तोंडाने फुंकणी फुंकून ज्योत हव्या त्या जागी नेत. मोहरीएवढ्या जागेवर झाळ देणारा तो एकच हात शहरात उरला होता. आणि यावेळी ती मोहरीएवढी जागा कुठे होती? नळीच्या मुळाशी. भरलेलं असेल तर दारू जिथे असते, नेमकी तिच्यावर. तिथे ज्योत लावा असं लिहून देणाऱ्याही सुईबाईच.

त्यांनी फुंकणीवाल्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला.

"तू नीघ," जाऊबाई म्हणाल्या. "फोन मी लावत राहते. नीघ तू, चपला घाल आधी!"

टॅक्सीत बसल्यावर सुईबाईंना कळलं की सुई पर्समध्ये आहे आणि पैशांचं पाकीट घरी. चौकाचौकात सिग्नल लागत होते. "जरा घाई करा हो," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा टॅक्सीवाला मागे वळला. "बाई, लाल आहे. मी काय त्याला हिरवा रंग देऊ?" रस्त्यावर माणसं नेहमीसारखी चालली होती, एक मुलगी दुकानाची काच पुसत होती. सुईबाई कान देऊन बसल्या होत्या. कुठून काही आवाज येतो का, हे त्या ऐकत होत्या. आणि आला नाही म्हणजे काही झालं नाही असं म्हणता येईना, कारण अजून दोन गल्ल्या बाकी होत्या. फुंकणीवाले काम करताना चेहरा किती जवळ नेतात ते त्यांना माहीत होतं. वीतभर. त्याहून कमीच.

दुकान दुसऱ्या मजल्यावर, किल्ल्या करणाऱ्याच्या वर. "पैसे आणून देते, थांबा," म्हणत त्या जिन्याकडे धावल्या. पहिला मजला ओलांडला आणि वरून आवाज आला: फूऽ... फूऽऽ...

त्यांनी कठडा धरला. मग ओरडायचं म्हणून तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. उरलेल्या पायऱ्या त्या कशा चढल्या ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

फुंकणीवाले खिडकीपाशी बसून बशीतला चहा फुंकत होते.

"आलात?" ते म्हणाले. "या. करा देखरेख."

पिस्तूल बाकावर पडलं होतं, दाखल्याच्या कागदावर, अंगाला बोटही न लागलेलं. हातभर अंतरावर स्पिरिटचा दिवा जळत होता.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? 'कुशल कारागिराकडून, जाणकाराच्या देखरेखीखाली.' ठीक आहे. कुशल मी झालो. जाणकार कुठे आहे? नऊपासून हाताची घडी घालून बसलोय. तिसरा चहा आहे हा. छप्पन्न वर्षं झाळतोय, आजवर माझ्यावर देखरेख कुणी ठेवली नव्हती, एक बायको सोडून. म्हटलं, बाईंची इच्छा आहे ना, मग बाई आल्याशिवाय हात लावायचा नाही. बसू दे अडून!"

सुईबाई दारातच खाली बसल्या. चांदीच्या किसाने भरलेल्या त्या फरशीवर, पदर-पर्स कशाची फिकीर न करता. त्यांना हसू येत होतं, पण डोळ्यांतून भलतंच काही येत होतं.

"अहो, चेष्टा केली मी!" फुंकणीवाले गडबडून उठले. "एवढं काय मनाला लावून घेता? चला, आत्ता झाळतो."

"नको!" आता मात्र आवाज फुटला. "तो दिवा आधी विझवा."

फुंकणीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पिस्तुलाकडे पाहिलं आणि काही न विचारता दोन बोटांत ज्योत चिमटून विझवली.

सुईबाईंनी पिस्तुलाचं तोंड विटांच्या भिंतीकडे केलं आणि सुई आत घातली. ती गेली, गेली, आणि थांबली. खूण करून त्यांनी ती बाहेरून लावली. कान अजून बोटभर लांब होता.

"अडली?" फुंकणीवाल्यांनी हळूच विचारलं.

"अडली."

"भरलेलं आहे?"

"हो. आणि मी रिकामं म्हणून लिहून दिलं होतं. एकच दोनदा मोजलं. चूक माझी आहे, सगळी माझी."

फुंकणीवाल्यांनी आपल्या फुंकणीकडे एकदा पाहिलं. मग ती उचलून, पोराला उन्हातून सावलीत ठेवावं तशी, कपाटात नेऊन ठेवली.

कोपऱ्यात तापलेली चांदी थंड करायची बादली होती. सुईबाईंनी पिस्तूल उचललं आणि पाण्यात सोडलं.

"अहो अहो, पाण्यात?" फुंकणीवाले ओरडले. "मागे मी ओलसर फडक्याने नुसतं पुसलं तर तुम्ही महिनाभर बोलला नव्हतात माझ्याशी!"

"गंजू दे मेलं," सुईबाई म्हणाल्या. अशा वस्तूबद्दल हे शब्द त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघाले, आणि निघाल्यावर फार बरं वाटलं.

कानाच्या भोकातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. फुंकणीवाल्यांनी आपली ड्रॉपरची नळी दिली. त्या नळीने सुईबाईंनी कानातून पाणी आत ढकललं, पुन्हा ढकललं, होता होता बाहेर काळा धागा तरंगायला लागला. दोघं बादलीच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसून, विहिरीत चंद्र पडला आहे अशा थाटात बघत होते.

तेवढ्यात बाकाच्या खणात काहीतरी घुरघुरलं.

"फोन," फुंकणीवाले म्हणाले. "थरथरला की कीस हलतो माझा, म्हणून खणात ठेवतो." त्यांनी तो काढून कानाला लावायच्या आत अख्ख्या खोलीला ऐकू गेलं:

"ती फुंकणी आधी खाली ठेवाऽ!"

"ठेवली, ठेवली. कपाटात आहे."

"कोण बोलतंय?"

"मीच. जिवंत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग पहिल्यांदाच उचलायला काय झालं होतं? सदतीस वेळा लावला मी! बोट दुखायला लागलं! आणि तिला सांगा, पाकीट इथेच विसरलीय, बावळट कुठली."

टॅक्सीवाल्याचे पैसे फुंकणीवाल्यांनी दिले. तो वर येऊनच थांबला होता आणि बादलीत काय आहे ते बघून, उरलेले सुटे न घेताच खाली गेला.

तासाभराने त्यांनी नळीला चामड्याची पट्टी गुंडाळली, एकाने दस्ता धरला, एकीने नळी, आणि कपडा पिळावा तशी उलट्या दिशांना पिळली. आटे एकदा कुरकुरले आणि सुटले. आत चुन्यासारखी पांढुरकी झालेली शिशाची गोळी होती, वाटाण्याएवढी. तिच्याखाली काळा चिखल.

"एवढंसंच?" फुंकणीवाले म्हणाले.

"एवढंसं पुरतं."

त्यांनी चष्मा वर सरकवला, हात आपसूक गालाकडे गेला. गाल चाचपला, मग दुसरा चाचपला. "बाई," ते म्हणाले, "यापुढे प्रत्येक कागदावर ते देखरेखीचं लिहीत जा. आणि मी चिडत जाईन. आपलं असंच बरं आहे."

धुऊन, पुसून, तेलात माखलेलं पिस्तूल घेऊन सुईबाई दुपारी चारला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर कडी घातलेल्या दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसावं तसे बसले होते. सुईबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, पण जुळवलेली एकही कामी आली नाही. माझी चूक, मी आकडा बघितला नाही, तुम्ही दुसरा पारखी बघावा, असं जमेल तसं सांगितलं.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एका माणसाचा शेजारचा दात निघाला. चांगला, धडधाकट दात. मी तो हातात घेऊन उभा, आणि तो बिचारा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे विश्वासाने बघतोय. तो दात काही परत बसवता आला नाही, बाई. तुम्ही मात्र वेळेत पोचलात."

"तुम्ही काय केलंत मग?"

"सांगितलं त्याला. दुसरं काय करणार? त्यानंतर मी हत्यार लावायच्या आधी दाताचा नंबर मोठ्याने म्हणायला लागलो. पेशंट हसायचे. हसोत."

सुईबाईंनी एक नंबरला सुई लावली. वहीतल्या दोन्ही पानांशी तंतोतंत जुळली. तेच बिचारं दोनदा मोजून घेऊन गप्प बसलं होतं. मग त्यांनी बाकीच्या खणांकडे पाहिलं.

"डॉक्टर, ती एकवीसही मीच मोजली आहेत. आणि मी मोजत असते तेव्हा तुम्ही बोलत असता."

"आज नाही बोलत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पहिला खण ओढला.

त्यांनी एकेक पिस्तूल उचलायचं, पोटाखालचा आकडा किंवा खूण मोठ्याने वाचायची, आणि तोंड भिंतीकडे करून पुढे ठेवायचं. बाईंनी सुई घालायची. "सतरा, पितळी नळी." "रिकामं." "पुढचं. फुलाची खूण." "रिकामं." सुरुवातीला दोघांचे आवाज दबलेले होते. पाचव्या-सहाव्याला डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. नवव्यानंतर बाईंचा खांदा सैल पडला. त्यानंतर प्रत्येक 'रिकामं' शब्दाबरोबर खोलीतली हवा थोडी थोडी वाढत गेली, पडदे न हलवता. एका ठिकाणी सुई जराशी अडखळली, दोघांनी श्वास धरला, आणि आतून कापसाचा जुनाट बोळा निघाला. डॉक्टरांनीच कधीतरी तेल लावायला घातलेला. ते कानशिलापर्यंत लाल झाले, पण शब्द पाळून बोलले काही नाहीत.

शेवटचं सर्वांत लहान होतं, करंगळीएवढ्या नळीचं. त्याच्यात सुईचं टोकच काय ते जात होतं. बाईंनी मापलं, बाहेरून लावलं, पुन्हा एकदा लावलं.

"रिकामं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी खण बंद केला, हात पुसले, आणि जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "छान. आता चूळ भरा."

म्हणताच ते ओशाळले. पण सुईबाई उठल्या, बेसिनपाशी गेल्या, आणि त्यांनी खरोखरच चूळ भरली, तोंडावर गार पाण्याचे चार हबके मारले आणि नळ चालू ठेवूनच कितीतरी वेळ हसत राहिल्या.